अर्धा संच

व्यापाऱ्याच्या घरात वादाचा आवाज ऐकू येणे हे नवल नव्हे. दरावरून, उधारीवरून, मालातील घटीवरून होणारे वाद ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. परंतु गेल्या पर्युषणात एके दुपारी आमच्या गच्चीवर जो वाद रंगला होता, त्यात ना माल होता, ना रक्कम. माझी कन्या आणि माझा पुतण्या, दोघेही तिशीच्या आसपासचे, आपापल्या कामात स्थिरावलेले. ते एका शिक्षकाविषयी भांडत होते. तो माणूस सज्जन की दुर्जन, एवढाच प्रश्न होता. गंमत अशी की तो शिक्षक या भूतलावर कधी जन्मालाच आला नव्हता. ‘हॅरी पॉटर’ या इंग्रजी कादंबरीमालेतील तो एक पात्र होता.

ही माला आमच्या घरात शिरली ती मुलांच्या हट्टाने. जे. के. रोलिंग या लेखिकेचा पहिला भाग १९९७ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला आणि सातवा, म्हणजे अखेरचा, २१ जुलै २००७ रोजी. जगभर त्या दिवशी पुस्तकांच्या दुकानांपुढे मुलांच्या रांगा लागल्या होत्या. त्यातली एक रांग पुण्यातली होती आणि तीत माझा धाकटा भाऊ दोन्ही मुलांना घेऊन उभा होता. त्या वेळी आमचे घर एक, चूल एक, पेढीही एक. त्यामुळे सात पुस्तकांचा संचही दोन्ही मुलांत मिळून एकच होता. आमच्या बाईंनी, म्हणजे मातोश्रींनी, प्रथम नापसंती दर्शविली. ‘मंतरतंतराची पोथी जैनाच्या घरात कशाला?’ असे त्या म्हणाल्या. पुढे मात्र रात्री माळ फेरताना त्याच नातवाला विचारू लागल्या, ‘त्या आईबापावेगळ्या पोराचं पुढं काय झालं रे?’

२०११ साली आम्हा भावांची वाटणी झाली. पेढी, वखार, घर, भांडी, सारे दोन ठिकाणी गेले. वडीलधाऱ्यांनी हिशेब केले. मुलांनी आपला हिशेब स्वतःच केला. पहिली चार पुस्तके पुतण्याकडे गेली, शेवटची तीन जाडजूड पुस्तके कन्येकडे राहिली. दोन्ही घरांच्या कपाटांत तेव्हापासून अर्धा अर्धा संच आहे. मुलांचे येणेजाणे मात्र आम्ही कोणीच थांबविले नाही, हे त्यातल्या त्यात बरे केले.

२०२० सालच्या टाळेबंदीत पेढी अर्धाच दिवस उघडी असे. रिकाम्या वेळात मी ती तीन पुस्तके शब्दकोश जवळ घेऊन वाचली. आधीच्या चार भागांची कथा कन्येने तोंडी सांगितली. म्हणून त्या दुपारी गच्चीवरचा वाद मला समजत होता. ज्या वाचकांनी ही माला वाचली नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो.

हॅरी हा अनाथ मुलगा. त्याच्या आईवडिलांना वोल्डेमॉर्ट नावाच्या दुष्ट जादूगाराने मारलेले. जादूविद्या शिकविणाऱ्या शाळेत हॅरी जातो, तेथे स्नेप नावाचा शिक्षक त्याचा पदोपदी पाणउतारा करतो. सहाव्या भागाच्या अखेरीस हाच स्नेप शाळेच्या पूज्य मुख्याध्यापकांचा, डम्बलडोर यांचा, हॅरीच्या डोळ्यांदेखत वध करतो. वाचकाची खात्री पटते, हा द्रोही आहे. सातव्या भागात मात्र स्नेप मरताना आपल्या आठवणी हॅरीच्या हाती देतो आणि सारा ताळेबंद उलटतो. स्नेपचे हॅरीच्या आईवर, लिलीवर, बालपणापासून प्रेम होते. तिच्या मृत्यूनंतर तो वोल्डेमॉर्टच्या गोटात राहून डम्बलडोर यांच्यासाठी हेरगिरी करीत होता, त्या मुलाचे रक्षणही करीत होता. डम्बलडोर तर शापाने आधीच मरणोन्मुख झालेले होते आणि तो वध त्यांनीच त्याच्याकडून मागून घेतला होता.

‘म्हणजे सगळं माफ?’ पुतण्या विचारीत होता. ‘नेव्हिलचं काय?’

नेव्हिल हा त्याच वर्गातला भित्रा मुलगा. तिसऱ्या भागात असा एक प्राणी येतो की, ज्याला ज्याचे सर्वांत जास्त भय, त्याचे तो रूप घेतो. नेव्हिलच्या आईवडिलांचा शत्रूंनी इतका छळ केला होता की, ते भ्रमिष्ट होऊन रुग्णालयात पडलेले. तरी त्या मुलाच्या समोर उभे राहिले ते स्नेपचे रूप! ‘ज्या शिक्षकाचं भय आईबापांना छळणाऱ्यांहून मोठं वाटतं, त्याच्या आतल्या प्रेमाचं त्या मुलानं काय करायचं?’ पुतण्याचा युक्तिवाद बिनतोड होता. शिवाय लिलीच्या मृत्यूचे मूळही स्नेपच होता. त्याने एक भविष्यवाणी चोरून, तीही अर्धीच, ऐकली आणि जाऊन वोल्डेमॉर्टला सांगितली. तीत लिलीचे मूल गुंतलेले निघाल्यावर तो तिच्यासाठी दया मागू लागला. तिचा पती आणि तिचे बाळ यांची त्याला चिंता नव्हती.

कन्या म्हणाली, ‘त्यानंतर सोळा-सतरा वर्षं रोज मृत्यूच्या दारात राहून जे केलं, ते खात्यावर जमा करायचं की नाही? आणि त्याच्या शाळेच्या दिवसांत हॅरीच्या वडिलांनी त्याला सगळ्यांपुढं कसं छळलं, ते तुझ्या चार पुस्तकांत नाही, माझ्या पाचव्यात आहे.’

मला हसू आले. दोघे आपापल्या वाट्याच्या पुस्तकांतूनच पुरावे काढीत होते! दोघांनीही सातही भाग कितीदा तरी वाचलेले; तरी हाताशी असलेले पुस्तकच बुद्धीला आधी आठवते.

पुढे वाद चित्रपटांकडे वळला. या मालेवर २००१ ते २०११ या काळात आठ चित्रपट निघाले. सातव्या भागाचे दोन केले गेले. स्नेपची भूमिका ॲलन रिकमन या ब्रिटिश नटाने केली. २०१६ साली ते निवर्तले, तेव्हा कन्येने त्या दिवशी जेवण टाळल्याचे मला आठवते. पुतण्याची तक्रार अशी की, या नटाच्या गंभीर आवाजाने आणि उमद्या चेहऱ्याने अर्धा न्यायनिवाडा परस्पर करून टाकला. ‘पुस्तकात तो तिशीतला, तेलकट केसांचा, कुजकट बोलणारा माणूस आहे. चिडून लिलीला जातीवरून शिवी देतो, म्हणून त्यांची मैत्री तुटते. चित्रपटात ती शिवी गाळली. उलट तो लिलीचं कलेवर छातीशी धरून रडतो, हे पुस्तकात नसलेलं दृश्य घातलं. नावेच्या नोंदी खोडायच्या आणि जमेच्या नव्या लिहायच्या, याला आपल्याकडं काय म्हणतात, बडे पापा?’

जिन्यातला श्रोता त्याने केव्हाच पाहिला होता. मला वर जावे लागले.

‘वही साफ करणं म्हणतात,’ मी म्हणालो. दोघेही हसले.

शेवटाविषयी मात्र दोघांचे एकमत होते, ते चित्रपटाच्या विरुद्ध. पुस्तकात वोल्डेमॉर्ट शाळेच्या भोजनगृहात सर्वांच्या देखत मरून पडतो, अगदी सामान्य माणसासारखा. ज्याने अमर होण्यासाठी आपल्या आत्म्याचे तुकडे केले, त्याचे साधे प्रेत तेथे पडते. चित्रपटात तो एकांतात, राखेचे कपटे होऊन हवेत उडून जातो. ‘दुष्टाचं प्रेतसुद्धा माणसाचंच असतं, हे दिसायला हवं होतं,’ कन्या म्हणाली. तीच गोष्ट त्या अजिंक्य छडीची. पुस्तकातील हॅरी त्या छडीने आपली जुनी, मोडलेली छडी तेवढी दुरुस्त करतो आणि अजिंक्य छडी डम्बलडोर यांच्या समाधीत परत ठेवतो. चित्रपटात तो ती मोडून दरीत भिरकावतो आणि स्वतःची छडी दुरुस्त करायचे विसरतोच. मोडण्यात आवेश असतो. परत ठेवण्यात परिग्रह सुटतो. हे मी बोललो नाही, मनातच ठेवले. कारण मुलांच्या वादात प्रवचन घुसडणे मला आवडत नाही.

अखेरच्या प्रकरणावर पुन्हा दोन पक्ष पडले. एकोणीस वर्षांनंतर लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर हॅरी आपल्या मुलांना शाळेच्या गाडीत बसवितो. त्याच्या दुसऱ्या मुलाच्या नावात त्याने डम्बलडोर आणि स्नेप या दोघांची नावे एकत्र गुंफलेली असतात. अनेक वाचकांना हे प्रकरण अनावश्यक वाटते, अनेकांना याशिवाय कथा पुरी वाटत नाही. खुद्द लेखिकेने २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत रॉन आणि हर्मायनी या जोडीविषयी शंका बोलून दाखविली, तेव्हा तर वाचक तिच्याशीही भांडले. आता नव्याने दूरचित्रवाणी मालिका येत असल्याची घोषणा २०२३ साली झाली असल्याने हा सारा वाद पुढची दहा वर्षे चालेल, यात शंका नाही.

एखाद्याला वाटेल, कल्पित कथेवरून एवढी शक्ती का घालवावी? मलाही पूर्वी तसेच वाटे. परंतु त्या चातुर्मासात आमच्या स्थानकात दुपारी जैन रामायणाचे वाचन चालू होते, आणि मला एका गोष्टीचे स्मरण झाले. विमलसूरींचे ‘पउमचरियं’ हे रामकथेवरील प्राचीन जैन महाकाव्य. ते जिच्यात आपल्या मराठीची मुळे सांगतात, त्या महाराष्ट्री प्राकृतात रचलेले आहे. त्याचा आरंभच मुळी कथेवरील शंकांनी होतो. मगधाधिपती श्रेणिक राजा लोकांत प्रचलित असलेली रामकथा ऐकून अस्वस्थ होतो. इतक्या बलाढ्य राक्षसांना वानरांनी कसे जिंकले? कुंभकर्ण सहा महिने कसा झोपेल? आणि तो गौतम गणधरांकडे जाऊन विचारतो. उत्तरादाखल जी कथा येते, तीत वानर म्हणजे माकडे नव्हेत, तर ध्वजावर वानराचे चिन्ह असलेले विद्याधर. रावण दहा तोंडांचा नव्हे. बालपणी गळ्यात घातलेल्या हाराच्या नऊ रत्नांत त्याचे मुख प्रतिबिंबित झाले, म्हणून तो दशमुख. त्याचा वध रामाच्या नव्हे, लक्ष्मणाच्या हातून होतो.

पात्रे, शेवट आणि रूपांतर, तिन्हींवरचा वाद आपल्या पूर्वसूरींनी असा केला आहे. त्यामागची दृष्टीही मोलाची. रावण तेथे शुद्ध खलपुरुष नाही. नाखूश स्त्रीला स्पर्श करणार नाही, असे त्याचे व्रत आहे आणि ते त्याने पाळले. पुढील भवांत तो तीर्थंकर होईल, असे आपली परंपरा सांगते. एका प्रसंगावरून जीवाचा अखेरचा निवाडा करू नये, हे याहून स्पष्ट कोण सांगेल?

परंतु मला बोचली ती त्याच कथेतील दुसरी गोष्ट. युद्धाच्या अखेरीस रावणाला पश्चात्ताप होतो. सीता परत करावी, असे त्याच्या मनात येते. मात्र आत्ताच परत केली तर लोक दुर्बल म्हणतील. म्हणून आधी राम-लक्ष्मणांना जिंकावे आणि मग सन्मानाने परत द्यावी, असे तो ठरवितो. आधी जिंकायचे, मग द्यायचे! तेवढ्यात चक्र सुटते आणि सारे संपते.

गच्चीवर मी ही कथा मुलांना सांगितली. पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘बडे पापा, हॅरीनं स्नेपला कधी विचारलंच नाही. तो मरताना आठवणी हाती आल्या, म्हणून कळलं. जिवंत असता तर दोघंही शेवटपर्यंत असेच राहिले असते.’

कन्या त्यावर काहीच बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि लगेच दृष्टी वळविली. मुले आपल्याला किती ओळखून असतात, हे अशा वेळी समजते.

२०११ च्या पावसाळ्यात मालेचा शेवटचा चित्रपट आला. दोन्ही मुले तो एकत्र पाहून आली, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आमच्या बाईंना पुण्याच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. मी बारा दिवस तेथे होतो. परत आलो तो वखारीतला हरभरा भावाने विकून टाकलेला. पुढच्याच आठवड्यात दर चढला. मी मुनीमजी आणि हमाल यांच्या देखत त्याला म्हणालो, ‘पेढी विकून खाल्लीस.’ त्याने उत्तर दिले नाही. कमरेच्या चाव्या काढून गादीवर ठेवल्या आणि निघून गेला. मुनीमजी एकदा काही सांगू लागले, तेव्हा ‘त्याची वकिली करू नका’ असे म्हणून मीच त्यांना थांबविले. बाई बऱ्या होऊन घरी आल्या आणि पुढे सहा वर्षे जगल्या. त्या सहा वर्षांत आपले दोन मुलगे एका पंगतीत जेवताना त्यांना दिसले नाहीत.

दर संवत्सरीला मी भावाची क्षमा मागत आलो आहे. आधी छापील क्षमापना-पत्रिकेने, अलीकडे मोबाइलवरून. एकच मजकूर तीनशे जणांना जातो. त्या यादीत त्याचेही नाव आहे. त्याच्याकडूनही असाच एक मजकूर येतो. यात माझी क्षमायाचना कोठेच नव्हती, हे कबूल करतो. मनातून मी वाट पाहत होतो की, आधी त्याने चूक मान्य करावी, मग मी मोठ्या मनाने जवळ घेईन. आधी जिंकायचे, मग द्यायचे.

त्या रात्री मी माळ्यावरची २०११ ची रोजकीर्द काढली. हरभऱ्याच्या विक्रीची नोंद मी त्या वेळी दहादा पाहिली होती. तिची रक्कम मला आजही पाठ आहे. तिच्याखाली त्याच तारखेला, ओळीने सतरा शेतकऱ्यांच्या पट्ट्या चुकत्या केल्याच्या नोंदी होत्या. अक्षर माझ्या भावाचे. चौदा वर्षे ही वही माझ्याच घरात होती.

संवत्सरीच्या दुपारी, प्रतिक्रमणाच्या आधी, मी त्याच्या घरी गेलो. आम्हा दोघांचाही चौविहार उपवास असल्याने चहापाण्याचा आडोसा नव्हता. समोरासमोर बसावे लागले. मी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणालो नाही. आधी विचारले, ‘त्या दिवशी माल का काढलास?’

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘पट्ट्या थकल्या होत्या, दादा. बँकेची मर्यादा संपली होती. शेतकरी दारात बसले होते. तुला फोन केला असता, तर तू बाईला सोडून आला असतास.’

‘नंतर का नाही सांगितलंस?’

‘तू विचारलं नाहीस.’

मग मी क्षमा मागितली. चारचौघांत बोललो होतो, म्हणून मुनीमजींच्या मुलालाही दुसऱ्या दिवशी बोलावून त्याच्यासमोर पुन्हा मागितली. स्वतः मुनीमजी आज नाहीत. आमचे सारे मतभेद मिटले, असे मात्र वाचकांनी समजू नये. निम्मा माल ठेवून निम्माच विकला असता तरी भागले असते, असे मला अजून वाटते. तेव्हा दर चढेल हे कोणालाच ठाऊक नव्हते, असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे त्याच्या बाजूने खरे आहे, माझे माझ्या बाजूने. अनेकान्त आपण प्रवचनात ऐकतो. सख्ख्या भावाबरोबर हरभऱ्याच्या दरावर तो आचरणे फार कठीण आहे.

कथेतल्या पात्रांवर वाद घालणाऱ्या मुलांना मी आता अडवीत नाही. त्या वादात त्यांना एक सवय लागते: पान उलटून मागची नोंद पाहण्याची, समोरच्याच्या हातातल्या पुस्तकात काय आहे ते विचारण्याची. स्नेपने भविष्यवाणी अर्धी ऐकली आणि एक कुटुंब गेले. मी रोजकीर्दीचे अर्धेच पान वाचले आणि एक घर दुभंगले. हॅरीला उरलेले पान मरणाऱ्याने हाती दिले. आपल्याला ते असे मिळत नाही. जिवंत माणसाच्या दारात जाऊन मागावे लागते.

पारण्याच्या दिवशी पुतण्या मुगाचे पाणी घेऊन आला, तेव्हा त्याच्या पिशवीत पहिली चार पुस्तके होती. ‘तुम्ही आधी ही वाचा, बडे पापा,’ तो म्हणाला, ‘मग स्नेपचं काय ते ठरवा.’ सध्या मी तिसऱ्या भागात आहे. नेव्हिलपुढे उभे राहिलेले ते रूप स्वतः वाचले आणि पुतण्याचे म्हणणे आधीपेक्षा अधिक पटले. कन्येला मात्र अद्याप सांगितलेले नाही.